होंडाच्या इंजिनात सुझुकीचा दट्ट्या

एका कंपनीच्या मोटारीचा दट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात बसवता येईल का? पहिले उत्तर 'नाही' असेच येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु अमेरिकेत हजारो हौशी तरुणांनी नेमके हेच केले. त्यांनी होंडा सिव्हिकच्या जुन्या इंजिनातले पिस्टन काढून टाकले, त्यांच्या जागी सुझुकी व्हिटारा या छोट्या जीपवजा गाडीचे पिस्टन घातले आणि मग त्या इंजिनावर टर्बोचार्जर चढवला. हा उद्योग त्यांनी का केला, तो जमला कसा आणि कुठे फसला, हे समजून घेताना आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्राचा बराचसा भाग आपोआप उलगडतो. बॉइलचा नियम, समोष्ण आणि निरुष्ण बदल, प्रसरणांक, जडत्व, अनुनाद हे सारे एका वीतभर सिलिंडरात एकत्र भेटतात.

पाठ्यपुस्तकातला 'दट्ट्या' हा शब्द चांगला आहे, पण गॅरेजात तो कोणी वापरत नाही. पुढे आपणही पिस्टनच म्हणू.

चमचाभर जागेचा हिशेब

पिस्टन खालच्या टोकाला असताना सिलिंडरात जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितीपट आकसते, त्या आकड्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. सिव्हिकच्या ज्या इंजिनाबद्दल आपण बोलत आहोत, त्याचे नाव डी१६झेड६. १९९२ ते १९९५ च्या अमेरिकन सिव्हिकमध्ये ते असे. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि संपीडन गुणोत्तर ९.२.

आता फळ्यावर गणित मांडा. सिलिंडरच्या छेदाचे क्षेत्रफळ ४४.१८ चौरस सेंटिमीटर. त्याला ९ सेंटिमीटरने गुणले की एका सिलिंडरचे आकारमान ३९७.६ घन सेंटिमीटर येते. चार सिलिंडरांचे १५९० घ.सें.मी. मोटारीच्या कागदपत्रांत 'सीसी' म्हणून जो आकडा असतो तो हाच. पिस्टन वर पोहोचल्यावर जी पोकळी उरते ती 'प' मानू. मग (३९७.६ + प) ÷ प = ९.२. म्हणजे प = ३९७.६ ÷ ८.२ = ४८.५ घ.सें.मी.

आता गुणोत्तर ९.२ वरून ८.५ वर आणायचे असेल तर पोकळी ३९७.६ ÷ ७.५ म्हणजे ५३ घ.सें.मी. हवी. दोन्हींतला फरक अवघा साडेचार घन सेंटिमीटर, चहाच्या एका चमच्याहूनही थोडा कमी. सगळा खटाटोप एवढ्याशा जागेसाठी आहे, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे.

ही जागा तीन ठिकाणी वाढवता येते. वरच्या हेडमधली पोकळी कोरून मोठी करता येते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट जाड घालता येते किंवा पिस्टनचा माथा खोलगट करता येतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'हा साडेआठ गुणोत्तराचा पिस्टन आहे' असे गॅरेजात सर्रास म्हटले जाते. गुणोत्तर पिस्टनवर छापलेले नसते. ते हेड, गॅस्केट, ब्लॉकची उंची, धाव आणि पिस्टन या सगळ्यांचे मिळून ठरते. सुझुकीच्या स्वतःच्या इंजिनात हाच पिस्टन साडेनऊच्या आसपास गुणोत्तर देतो, कारण तिथली हेडमधली पोकळी लहान आहे. होंडाच्या मोठ्या पोकळीखाली आला की तोच साडेआठच्या आसपास उतरतो. हेड आणि गॅस्केट बदलले की हा आकडाही थोडा इकडेतिकडे होतो.

टर्बोला कमी गुणोत्तर का हवे

गुणोत्तर जितके जास्त तितके इंजिन काटकसरी, हे ऑटो चक्राच्या सूत्रावरून दिसते. मग ते मुद्दाम कमी का करायचे?

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूंनी एक फिरतो आणि दुसरा आत येणारी हवा दाबून इंजिनात भरतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते आणि जास्त शक्ती मिळते. अडचण अशी की हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, त्याचाच हा मोठा भाऊ.

निरुष्ण संपीडनात केल्व्हिनमधले तापमान गुणोत्तराच्या ०.३५ व्या घाताने वाढते असे धरू. (शुद्ध हवेसाठी हा घात ०.४ आहे, पेट्रोलमिश्रित गरम हवेसाठी ०.३५ ठीक.) बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन. टर्बो नसताना ९.२ गुणोत्तराच्या इंजिनात ठिणगी पडण्याच्या सुमारास मिश्रण ३०३ × २.१७४ म्हणजे ६५९ केल्व्हिन, सुमारे ३८६ अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

आता वातावरणाच्या दीडपट दाबाने हवा भरू. टर्बोचा पंखा आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर त्यातून बाहेर पडणारी हवा ८७ अंशांवर येते. तीच सिलिंडरात दाबली की ५१० अंश. आधीपेक्षा सव्वाशे अंश जास्त! दाबही त्याच प्रमाणात वाढतो. आधी संपीडनाअखेरीचा दाब २० बार होता, आता ३० बार.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण इतके तापले आणि दबले की ठिणगीची वाट पाहत नाही. नेहमीच्या ज्वलनात ठिणगीपासून ज्योत पसरत जाते आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या मिश्रणापर्यंत पोहोचते. पण त्या कोपऱ्यातले मिश्रण आधीच फार तापलेले असेल, तर पसरत येणाऱ्या ज्योतीच्या दाबाने ते आणखी दबते आणि ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेते. मग दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. आपल्याला 'टकटक' ऐकू येते, मेकॅनिक म्हणतो इंजिन नॉक करते आहे. जळत्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास असतो आणि सिलिंडर ७५ मिलिमीटर रुंद, त्यामुळे या लाटेची वारंवारता ६ ते ७ हजार हर्ट्झ येते. बंद नळीच्या अनुनादाचे गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा स्वतः काढता येईल. आधुनिक इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमकी हीच वारंवारता ऐकत असतो.

या लाटेने पिस्टनभोवतीचा थंड हवेचा पातळ थर उडून जातो. तोच थर पिस्टनला ज्योतीपासून वाचवत असतो. म्हणून नॉक होणाऱ्या इंजिनाचे पिस्टन वितळतात, रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि हे घडायला काही सेकंदही पुरतात.

पेट्रोलची नॉकला विरोध करण्याची ताकद ऑक्टेन अंकाने मोजतात. अमेरिकेत थॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचे संयुग घालून ती वाढवता येते हे शोधले. त्या शिशाने पुढे सगळ्या जगाची हवा विषारी केली, आणि भारतभर ते पेट्रोलमधून जायला २००० साल उजाडले. अमेरिकन लेखन वाचताना एक काळजी घ्यावी. तिथल्या पंपावरचा आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, आपल्याकडचा एका पद्धतीचा. तिथले ८७ म्हणजे ढोबळमानाने आपले ९१. हे न कळल्यामुळे 'अमेरिकेत हलके पेट्रोल चालते' अशी समजूत पसरते.

मोठ्या कंपन्यांनी काय केले

हा पेच हौशी लोकांनाच पडला असे नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो असलेल्या दोन मोटारी विक्रीला आल्या. शेव्हरोलेने आपल्या कोर्व्हेअरमध्ये गुणोत्तर ८ पर्यंत उतरवले. ओल्ड्समोबीलने जेटफायर या मोटारीत मात्र गुणोत्तर १०.२५ ठेवले आणि नॉक रोखण्यासाठी इंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले. पाण्याचा एक ग्रॅम वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषतो, तेव्हा युक्ती शास्त्रशुद्धच होती. या मिश्रणाला कंपनीने 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असे भारदस्त नाव दिले. ग्राहकांनी टाकी भरायचा कंटाळा केला. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी होई आणि 'गाडीत दम नाही' अशा तक्रारी येत. अखेर कंपनीनेच अनेक मोटारींचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. मला ही गोष्ट फार आवडते. उत्तम भौतिकशास्त्र गिऱ्हाइकाच्या आळसापुढे कसे हरते, याचा असा नमुना दुसरा नाही. स्वीडनच्या साबने पुढे १९७० च्या दशकात ९९ टर्बो काढली, तेव्हा गुणोत्तर ७.२ पर्यंत खाली आणून हा प्रश्न मिटवला.

म्हणजे कमी गुणोत्तराचे पिस्टन घालणे हा कंपन्यांचाच मळलेला मार्ग. सिव्हिकवाल्यांना तो परवडत मात्र नव्हता. टर्बोसाठी खास घडवलेले घणकामाचे पिस्टन बाजारात मिळत, पण त्यांची किंमत कधीकधी जुन्या सिव्हिकच्या किमतीच्या पंक्तीला जाऊन बसे. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला: दुसऱ्या कुठल्या तरी, मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीचा पिस्टन ७५ मिलिमीटरचा आहे का?

तसा तो होता. सुझुकीचे जी१६बी इंजिन. व्यास ७५, धाव ९०, आकारमान १५९०. होंडाशी तंतोतंत तेच. दोन्ही जपानी कंपन्यांनी एकमेकींची नक्कल केली असे मानायचे कारण नाही, १६०० घ.सें.मी. च्या आतले चार सिलिंडरांचे इंजिन आखायला बसले की असे आकडे सहज निघतात. भारतातल्या वाचकालाही हे इंजिन परके नाही. मारुतीने १९९९ मध्ये आणलेल्या पहिल्या बलेनो मोटारीत तेच होते.

व्यास जुळला म्हणजे झाले का?

नाही. येथून खरी परीक्षा सुरू होते.

पहिली गोष्ट गजन पिनची. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी ही पोलादी नळी दोन्हीकडे सारख्याच व्यासाची हवी, आणि ती बसवण्याची पद्धतही जुळायला हवी. काही इंजिनांत पिन रॉडमध्ये घट्ट ठोकलेली असते, काहींत ती मोकळी फिरते आणि दोन्ही टोकांना अडकणांनी रोखलेली असते. एका पद्धतीचा रॉड आणि दुसऱ्या पद्धतीचा पिस्टन एकत्र आणले आणि कशाचाच विचार केला नाही, तर पिन सरकून सिलिंडरच्या भिंतीत खोल चर पाडते.

दुसरी गोष्ट म्हणजे पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. क्रँकची त्रिज्या (धावेच्या निम्मी, ४५ मिलिमीटर), रॉडची लांबी (या होंडात १३७ मिलिमीटर) आणि ही उंची या तिन्हींची बेरीज ब्लॉकच्या उंचीएवढी झाली, तर पिस्टन वर येऊन ब्लॉकच्या पृष्ठभागाशी बरोबर सपाट होतो. बेरीज जास्त झाली तर पिस्टन हेडवर आदळेल. व्हिटाराच्या पिस्टनची उंची होंडाच्या पिस्टनपेक्षा किंचित कमी आहे, म्हणून तो जरा खालीच थांबतो. आदळण्याचा धोका टळला, आणि गुणोत्तरही थोडे उतरले. समजा तो अर्धा मिलिमीटर खाली राहिला, तर ४४.१८ × ०.०५ म्हणजे २.२ घ.सें.मी. पोकळी वाढली. आपल्याला हव्या असलेल्या साडेचारपैकी जवळजवळ निम्मी!

पण हे फुकट मिळत नाही. हेडचा काही भाग सपाट असतो आणि पिस्टनच्या माथ्याचा काठ वर येताना त्याच्या अगदी जवळ, मिलिमीटरभर अंतरावर पोहोचतो. दोन तळहात झटकन जवळ आणले की मधली हवा बाजूला फेकली जाते, तसे तिथले मिश्रण मधल्या पोकळीत फेकले जाते. त्यामुळे ते घुसळते आणि लवकर जळते. शिवाय त्या फटीत शेवटी उरणारे थोडेसे मिश्रण थंड धातूला चिकटून असल्याने पेट घेत नाही. ही फट नॉकची जन्मजात शत्रू आहे. पिस्टन अर्धा मिलिमीटर खाली राहिला की फट दीडपट होते आणि तिचा उपयोग घटतो. म्हणून माथा खोलगट करून गुणोत्तर उतरवणे चांगले, अख्खा पिस्टन खाली ठेवून उतरवणे तितके चांगले नाही. जाड गॅस्केटबाबतही हाच आक्षेप आहे. व्हिटाराच्या पिस्टनमध्ये दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या होतात.

तिसरी गोष्ट, झडपा. त्या उघडताना पिस्टनच्या माथ्याच्या दिशेने खाली येतात, आणि माथ्यावर त्यांच्यासाठी खळगे असतात. सुझुकीचे खळगे सुझुकीच्या झडपांसाठी आखलेले. होंडाच्या झडपा तिथेच येतील याची हमी काय? याची तपासणी अगदी बालवाडीच्या साधनाने होते. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती लावायची, हेड घट्ट बसवायचे, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, हेड उघडून मातीवरचे ठसे सुरीने कापायचे आणि जाडी व्हर्निअरने मोजायची. दीड-दोन मिलिमीटर तरी माती उरायला हवी. (दोन फेरे का, एकच का नाही? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा.)

चौथी गोष्ट वजनाची. मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर क्रँकचा कोनीय वेग सेकंदाला ६८१ रेडियन होतो. वरच्या टोकाला पिस्टन थांबून उलट फिरतो तेव्हा रॉडचा कल धरून त्वरण सुमारे २७,७०० मीटर प्रति सेकंद वर्ग येते, गुरुत्वत्वरणाच्या २८०० पट. पिस्टन दहा ग्रॅमने जड झाला तर रॉडला दर फेऱ्याला सुमारे २८ किलोग्रॅम वजनाएवढा जादा हिसका बसतो. चारही पिस्टन आपापसात काटेकोर सारख्या वजनाचे हवेत, हे त्यामुळेच.

आणि मग प्रसरण. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत ओतीव लोखंडाची. होंडाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असला तरी आत लोखंडी नळ्या बसवलेल्या असतात. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट. पिस्टनचा माथा २०० अंशांनी तापला की ७५ मिलिमीटरचा व्यास ०.३ मिलिमीटरने वाढतो, आणि पिस्टन व भिंत यांच्यात ठेवलेली फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते! म्हणून पिस्टन कधीच खरा दंडगोल नसतो. माथ्याशी तो अरुंद आणि खाली रुंद, शिवाय किंचित लंबवर्तुळाकार घडवलेला असतो. तापला की गोल होतो. कारखान्यातल्या ओतीव पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर असते, त्यामुळे तो कमी फुगतो आणि फट लहान ठेवता येते. घणकामाच्या पिस्टनात ते बहुधा कमी असते. तो जास्त चिवट, पण जास्त फुगणारा. मोठी फट ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडते. ओतीव पिस्टन कडक असतो आणि ठिसूळही. चिवट धातू आधी वाकतो, तर हा सरळ तडकतो. व्हिटाराचा पिस्टन ओतीवच आहे. स्वस्तातल्या टर्बोची ही मर्यादा सुरुवातीपासूनच त्यात आहे.

रिंगांचे तोंड हा असाच बारीक विषय. वरच्या रिंगेला जे कापलेले तोंड असते त्यात फट ठेवावी लागते. रिंगेचा परीघ २३६ मिलिमीटर. ती भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर ०.२६ मिलिमीटर लांब होते. टर्बोमुळे उष्णता वाढते, म्हणून फट ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवतात. ती कमी पडली तर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनच्या कडेचा तुकडा उडतो. पिस्टनला दोष दिला जातो. खरा दोष कानशीने चार घासे कमी मारल्याचा असतो.

ब्युरेट घेऊन गॅरेजात

पोकळीचे आकारमान सांगोवांगी धरून चालत नाही, ते मोजावे लागते. हा प्रयोग शाळेतही जमण्यासारखा आहे, कारण भंगारातले एखादे हेड ओळखीच्या गॅरेजातून सहज मिळते. हेड उलटे ठेवावे, झडपा आणि प्लग जागेवर असावेत. कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर पारदर्शक ॲक्रिलिकची चकती बसवावी. चकतीला एक भोक असावे. हेड किंचित कलते ठेवून प्रयोगशाळेतल्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटमधून रंगीत पाणी भोकातून सोडावे. शेवटचा बुडबुडा निघून गेला की वाचन घ्यावे. पृष्ठताणामुळे बुडबुडा अडकला तर पाण्यात थेंबभर साबण घालावा.

पिस्टनचा खोलगटपणा मोजायला तो सिलिंडरात वरून बरोबर ५ मिलिमीटर खाली ठेवतात. सपाट माथा असता तर वर ४४.१८ × ०.५ म्हणजे २२.१ घ.सें.मी. पाणी मावले असते. जास्त मावले तेवढा खळगा. गॅस्केटचे आकारमान त्याच्या दबलेल्या जाडीवरून काढायचे. या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपला 'प'. ज्यांनी हे मोजले त्यांची इंजिने टिकली आणि ज्यांनी दुसऱ्याचा आकडा उसना घेतला त्यांची टिकली नाहीत, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण मी पैज लावायची तर मोजणाऱ्यावर लावीन.

मग फायदा किती?

आता आपल्या तापमानाच्या गणिताकडे परत येऊ, कारण तिथे एक अनपेक्षित उत्तर दडलेले आहे. टर्बो बसवल्यावर जुन्या पिस्टनसह मिश्रण ५१० अंशांना पोहोचत होते. गुणोत्तर ८.५ केले तर ते ४८८ अंश होते. एवढ्या उठाठेवीनंतर २२ अंश! त्याऐवजी पिस्टन जुनेच ठेवून टर्बोतून आलेली ८७ अंशांची हवा जाळीदार शीतकातून, म्हणजे इंटरकूलरमधून, ५० अंशांपर्यंत थंड केली तर? मग संपीडनाअखेर ४२९ अंश होतात. म्हणजे ८१ अंशांची बचत, आणि तीही इंजिन न उघडता. दोन्ही केले तर ४१० अंश. शिवाय थंड हवा दाट असते. इंटरकूलरशिवाय दीडपट दाबाने २६ टक्के जास्त हवा मिळते, इंटरकूलरसह ४१ टक्के.

हे ढोबळ गणित आहे. आत उरलेले जळके वायू, पेट्रोलच्या बाष्पीभवनाचा गारवा, भिंतींतून जाणारी उष्णता हे काहीच यात धरलेले नाही. तरी त्याचा कौल स्पष्ट आहे. ज्याच्याकडे पैसे बेताचे आहेत त्याने ते आधी इंटरकूलरवर आणि पेट्रोलचे प्रमाण व ठिणगीची वेळ नीट लावण्यावर खर्चावेत. पिस्टन हा त्यानंतरचा विचार.

मग पिस्टन बदलणारे वेडे होते का? तसेही नाही. गुणोत्तर ९.२ वरून ८.५ केल्याने संपीडनाअखेरचा दाबही ३० ऐवजी २७ बार होतो, म्हणजे दहा टक्के घटतो. नॉक तापमान आणि दाब दोहोंवर अवलंबून असल्याने दोन्हींतली थोडी थोडी घट मिळून चुकांना जरा जागा मिळते. किंमत काय मोजावी लागते? ऑटो सूत्राने आदर्श कार्यक्षमता ५४ टक्क्यांवरून ५२.७ वर येते. ४१ टक्के जादा हवेपुढे हे नुकसान क्षुल्लक. टर्बो जोर धरण्याआधी, गर्दीत हळू चालवताना मात्र गाडी किंचित मंद वाटते आणि पेट्रोलही थोडे जास्त पिते.

याहून मोठा धोका वेगळ्याच जागी असतो. पिस्टनवर ज्वलनाचा सर्वोच्च दाब ६० बार धरला, तर ४४ चौरस सेंटिमीटरवर सुमारे २७०० किलोग्रॅम वजनाएवढा भार येतो. चार मारुती ८०० एकावर एक ठेवाव्यात तसा. टर्बोने तो ८५ बारवर गेला की ३८०० किलोग्रॅम. हा सारा भार रॉडमधून खाली जातो, आणि होंडाचा मूळ रॉड बारीक, मूळच्या १२५ अश्वशक्तीसाठी आखलेला. पिस्टन बदलून निर्धास्त झालेला माणूस दाब वाढवत नेतो आणि एके दिवशी रॉड वाकतो किंवा ब्लॉकमधून बाहेर येतो. म्हणून अनुभवी मंडळी व्हिटाराच्या पिस्टनबरोबर जाड घणकामाचे रॉड घालू लागली. मग 'स्वस्त' हा शब्द हळूहळू गळून पडला, हे ओघानेच आले.

आपल्याकडे असा खटाटोप करू पाहणाऱ्यांनी कायदाही लक्षात घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे कलम कडकपणे वाचले आहे. अमेरिकन छायाचित्रे पाहून रस्त्यावरच्या गाडीत हे करायला निघालेल्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी हे सांगितलेच पाहिजे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शर्यतीच्या किंवा प्रयोगाच्या इंजिनावर मात्र भरपूर वाव आहे.

कंपन्यांनी पुढे वेगळी वाट धरली. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले की ते आतच बाष्प होऊन मिश्रणाला गार करते. जेटफायरचे पाणी जे काम करी ते आता पेट्रोलच करते, आणि टाकी रिकामी राहण्याचा प्रश्न येत नाही. मारुतीने २०१७ मध्ये बलेनो आरएसमध्ये जे एक लिटरचे टर्बो इंजिन आणले, त्याचे गुणोत्तर १० होते. टर्बो नसलेल्या त्या जुन्या सिव्हिकपेक्षाही जास्त.

वर्गासाठी एक उदाहरण शेवटी देतो. १९९८ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या होंडा सिटीच्या दीड लिटरच्या इंजिनाचा व्यास ७५ मिलिमीटरच होता, पण धाव ८४.५ मिलिमीटर. व्हिटाराचा पिस्टन तिच्या सिलिंडरात सरकेल. समजा पोकळी तीच, ५३ घ.सें.मी. राहिली, तर गुणोत्तर किती येईल? उत्तर ८.०४ च्या जवळ आले पाहिजे. ते मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारावा: पोकळी तीच राहील असे आपण कशाच्या जोरावर धरले, आणि ते खरे की खोटे हे ठरवायला त्या इंजिनाची कोणकोणती मापे घ्यावी लागतील?